आमचे बोये प्लास्टिकासुराच्या अंगावरून उतरवून मिळणेबाबत

दिनांक : ५ सप्टेंबर १९८८

प्रति,
मा. कक्ष अधिकारी साहेब,
किनारा स्वच्छता व सुशोभन कक्ष,
अंधेरी (पश्चिम), मुंबई.

विषय : 'वसुंधरा मैत्री मंडळ' या संस्थेने कचरा समजून उचलून नेलेले आमच्या जाळ्याचे बोये, त्यांचा राक्षस करून जाळण्यात येण्यापूर्वी, परत मिळणेबाबत, तसेच मंडळाचे अध्यक्ष श्री. चंद्रप्रकाश तेरेदेसाई यांना योग्य ती अद्दल घडणेबाबत.

संदर्भ : १) माझा पहिला अर्ज (उत्तर नाही).
२) माझा दुसरा अर्ज (उत्तर : "अर्ज मिळाला").
३) मंडळाची निमंत्रणपत्रिका, जिच्यावर प्रमुख पाहुणे म्हणून आपले नाव छापले आहे.

महोदय,

अर्जदार सौ. सगुणा तुळशीदास तांडेल, राहणार चिंबोरपाडा कोळीवाडा, खाडीनाका, अंधेरी (पश्चिम), धंदा मासळी विकणे, शिक्षण सातवी पास, सविनय सादर करते की, याआधीचे दोन अर्ज मी कोर्टाबाहेर बसणाऱ्या धोंडिराम अर्जनविसांकडून लिहवून घेतले होते. त्यांनी त्यात "आपण कृपावंत होऊन" हे शब्द इतक्या वेळा घातले की बोये कोणी नेले हे सांगायला कागदच उरला नाही. सबब हा तिसरा अर्ज मी स्वहस्ते लिहीत आहे. सरकारी भाषा मी त्यांच्याच अर्जांवरून उचलली आहे. राग माझा स्वतःचा आहे.

१. आपल्या कार्यालयात दुसरा अर्ज द्यायला गेले तेव्हा टेबलावरच्या साहेबांनी "बोया म्हणजे काय हो बाई?" असे विचारले. म्हणून आधी ते सांगते. आम्ही डोल लावतो. डोल म्हणजे मोठ्या पिशवीसारखे जाळे. दर्यात रोवलेल्या खुंटांना ते बांधायचे, पाण्याच्या ओढीबरोबर मासळी त्यात शिरते. जाळ्याचे तोंड उघडे राहावे, ते तळाला बसू नये, म्हणून त्याला वरून तरंगती वस्तू बांधावी लागते. तो बोया. माझे सासरे कै. लहू तांडेल यांच्या काळी त्यासाठी लाकडी पिंपे असत. आता प्लास्टिकचे रिकामे कॅन आणि जाड बाटल्या असतात. मरोळच्या कारखान्यांतून ते भंगारवाल्याकडे येतात, आणि भंगारवाल्याच्या ढिगातून माझे यजमान एकेक दाबून, वाजवून, पाण्यात बुडवून निवडतात. मग तोंड डांबराने बंद करायचे आणि वर घरची खूण रंगवायची. आमची खूण तांबडा पट्टा व त्यात पांढरा डोळा. सदर खूण असलेल्या बोयाला पाड्यात दुसरा कोणी हात लावत नाही. शेजारणीच्या चुलीवरचे भांडे जसे आपण न विचारता उतरवत नाही, तसेच ते.

असे साठ-सत्तर बोये गोळा व्हायला आम्हाला तीन-चार वर्षे लागली. दुकानात ते मिळत नाहीत.

२. पावसाळ्यात होड्या वर ओढलेल्या असतात व जाळी-बोये किनाऱ्यावर, होडीच्या आडोशाला रचून ठेवलेले असतात. आमच्या पाड्याचा रिवाज असा की, नारळी पुनवेच्या आधी जमातीची पोरे घरोघर फिरून सगळ्यांचे बोये देवळाच्या मैदानात नेतात. तिथे एकाच कढईत डांबर तापवून सगळ्यांचे बोये एकदम डांबरतात आणि ज्याचे त्याला परत पोचवतात. यात कोणी कोणाला पावती देत नाही.

दि. १४ ऑगस्ट रोजी, रविवारी, मी बाजारात सुकी मासळी घेऊन बसले होते. यजमान होडीच्या फळीसाठी सुताराकडे गेले होते. घरी फक्त माझ्या सासूबाई श्रीमती अंजनाबाई होत्या. तेवढ्यात वसुंधरा मैत्री मंडळाचे लोक ट्रक घेऊन आले. डोक्याला हिरव्या टोप्या, हाताला रबरी मोजे, पुढे फलक : "किनारा आपला, कचरा कोणाचा?" ही सगळी मंडळी खाडीपलीकडच्या नीलतरंग सोसायटीतली. त्यांनी सरळ आमच्या बोयांचा ढीग ट्रकात चढवायला घेतला.

सासूबाईंना वाटले, यंदा जमातीची पोरे डांबरायला लवकर आली, आणि जरा बऱ्या कपड्यांत आली. त्यांनी त्यांना चहा केला. चहात गवती चहा घातला. वर घरात पोटमाळ्यावर ठेवलेले चार मोठे बोये स्वतः खाली काढले आणि "पोरांनू, ये पन न्या," म्हणून त्यांच्या हातात दिले. मंडळाने त्यांचा फोटो काढला. तो मंगळवारच्या पेपरात आला. खाली मजकूर : "कोळी महिलांचा उत्स्फूर्त सहभाग." फोटोत सासूबाई हसत आहेत. साहेब, त्यांना पुढचे दोन दात नाहीत, त्यामुळे त्या कधी तोंड उघडून हसत नाहीत. त्या दिवशी हसल्या, कारण घरचे काम वेळेआधी झाले असे त्यांना वाटले.

सदर फोटो मी कात्रीने कापून ठेवला आहे आणि रोज एकदा बघते, म्हणजे राग शिळा होत नाही.

३. मी त्याच संध्याकाळी नीलतरंग सोसायटीत गेले. मला तिथे वाट विचारावी लागली नाही, कारण बारा वर्षे मी त्या दोन्ही इमारतींत दारोदार मासळी देते. आमचे बोये बागेत फरशीवर मांडून ठेवले होते आणि मुले त्यांच्यावर पाण्याची नळी मारत होती. मंडळाचे अध्यक्ष श्री. तेरेदेसाई खुर्ची टाकून बसले होते. त्यांनी मला खुर्ची दिली, हे खोटे कशाला बोलू. मी म्हटले, "साहेब, हे आमचे बोये आहेत, कचरा नव्हे. खूण बघा." त्यांनी खूण पाहिली. म्हणाले, "वा, फोक आर्ट!" आणि मग मला समजावून सांगू लागले, "बाई, हे प्लास्टिक आहे. हे चारशे वर्षं कुजत नाही."

मी म्हटले, "साहेब, म्हणून तर घेतलं. कुजणारा बोया घेऊन करू काय?"

त्यावर शेजारच्या दोन बायका हसल्या, ते त्यांना आवडले नसावे. त्यांनी मला एक पत्रक वाचायला दिले. त्यांच्या खुर्चीखाली परदेशी थाटाची प्लास्टिकची बाटली होती, विकत घेतलेल्या पाण्याची. पाणी विकत घेणारा माणूस मी प्रथमच पाहत होते. बाटली रिकामी झाल्यावर त्यांनी ती कोठे टाकली, हे मी मुद्दाम थांबून पाहिले. ती त्यांनी कुंडीमागे टाकली. कुंडीमागे नाला आहे. नाला कोठे जातो, हे आपल्या कक्षाला मी सांगायला नको.

४. दुसऱ्या दिवशी मंडळाने अनामतीचा नियम काढला. नियम असा : किनाऱ्यावरून गोळा केलेली प्लास्टिकची वस्तू ज्याला परत हवी असेल, त्याने प्रत्येक वस्तूमागे मंडळाकडे अनामत भरावी. वर्षाअखेर वस्तू अखंड आणून दाखवल्यास अनामत परत. वस्तू समुद्रात हरवल्यास अनामत जप्त, शिवाय नाव फलकावर. एका बोयाची अनामत त्यांनी नव्या कोऱ्या कॅनच्या भावापेक्षा जास्त ठेवली, "म्हणजे तुम्हाला वस्तूची किंमत कळेल," असे श्री. तेरेदेसाई यांनी मला सांगितले.

अनामत म्हणजे काय, हे मला कळते. नाक्यावरचा गोटीसोडावाला बाटली घरी न्यायची तर अनामत ठेवून घेतो. बाटली त्याची, नेणारे आपण, म्हणून अनामत आपण ठेवायची. सरळ हिशेब आहे. येथे वस्तू माझी, नेली त्यांनी, आणि अनामत ठेवायची मी. म्हणजे चोराने घरमालकाकडून भांड्यांचे भाडे मागावे तसे झाले. मी त्यांना म्हटले, "अनामत तुम्ही माझ्याकडे ठेवायला हवी होती, ट्रकात बोये चढवण्याआधी." त्यांनी घड्याळ पाहिले.

यजमान भरायला तयार होते. माझे यजमान गरीब स्वभावाचे आहेत. त्यांचे म्हणणे, "जाव दे गो, दर्या बगंल त्याचा." परंतु होडीची डागडुजी आणि डिझेल यांतच आमचे हात रिकामे झाले होते, आणि खरे सांगायचे तर पैसे असते तरी मी भरू दिले नसते. स्वतःच्याच वस्तूची भीक मागायला मी त्या बागेत पुन्हा जाणार नव्हते. दर्या बघेल तेव्हा बघेल. तोपर्यंत मी बघते.

५. पुढच्या रविवारपर्यंत आमच्या बोयांचा राक्षस झाला. बांबूचा सांगाडा, त्यावर आमचेच दोर, आणि दोरांना आमचे बोये. मोठे बोये पोटाला लावले, बाटल्यांची बोटे केली, आणि आमच्या खुणेतल्या पांढऱ्या डोळ्याचा त्यांना फार उपयोग झाला. त्या राक्षसाला अंगभर डोळे आहेत. उंची पहिल्या मजल्याच्या गॅलरीपर्यंत. नाव 'प्लास्टिकासुर'. शाळांच्या सहली येतात, आणि पुढे त्याला जाळायचे ठरले आहे. मी पुन्हा विचारले तेव्हा श्री. तेरेदेसाई म्हणाले, "बाई, आता ही कलाकृती आहे. कलाकृती मोडता येत नाही."

साहेब, जी वस्तू ते जाळणार आहेत ती त्यांना मोडता येत नाही. या वाक्यापुढे माझी सातवी संपते.

६. बोये नसल्याने नेमके काय जाते, हे अद्याप कोणी मला विचारलेले नाही, म्हणून ते मीच लिहिते. दर्यात प्रत्येक घराची खुंटाची जागा ठरलेली असते. आमची जागा सासऱ्यांनी रोवली. त्या जागेला पाड्यात आजही 'लहूचा खुंट' म्हणतात. जमातीचा नियम असा की, नारळी पुनवेनंतर येणाऱ्या अमावास्येच्या उधाणापर्यंत ज्याने आपल्या खुंटाला डोल लावली नाही, त्याची जागा जमात दुसऱ्या घराला देते. जागा रिकामी ठेवायची नाही, असा तो नियम आहे, आणि तो चांगला आहे. माझ्या सासऱ्यांनीच पाटलांबरोबर बसून तो घालून दिला होता. एकदा गेलेली जागा परत येत नाही.

पुनव झाली. सगळ्यांनी नारळ सोडला. सगळ्यांच्या होड्या गेल्या. आमची होडी रंगवून, हार घालून उभी आहे. बोये उसने मिळतील म्हणून यजमान घरोघर फिरले. लोकांनी दोन दिले, तीन दिले. प्रत्येकाकडे आपल्यापुरतेच असतात. तेवढ्यावर डोलीचे तोंड उचलत नाही. चांगली जागा मागणाऱ्यांच्या यादीत काशीराम याचा पहिला नंबर आहे. तो स्वतः घरी येऊन गेला. दारातच उभा राहिला, आत आला नाही. म्हणाला, "वैनी, मना तुमची जागा नको. पन जमातीनं दिली तर मी ना कशी म्हनू?" त्याचे बरोबर आहे. त्याची तीन पोरे आहेत. त्याच्यावर माझा राग नाही. माझा राग एका जागी साठवून ठेवला आहे, तो मी वाटत फिरत नाही.

अमावास्या येत्या रविवारी, दि. ११ रोजी आहे.

सासूबाईंची अवस्था आपण येऊन पाहावी. खरी गोष्ट कळल्यापासून त्या घरात कोणाशी बोलत नाहीत. "माज्या हातानं दिलं गो, माज्या हातानं," एवढेच म्हणतात. नवऱ्याने रोवलेला खुंट आपण चहा पाजून घालवला, असे त्यांच्या मनाने घेतले आहे. ताटावर बसतात आणि तशाच उठतात. मला त्यांच्याशी भांडायची सवय आहे, पंधरा वर्षांची. भांडायला समोर कोणी नाही म्हणून घर खायला उठते.

७. मंडळाचे म्हणणे सगळेच खोटे आहे, असे मी म्हणत नाही. दर्याची वाट लागली आहे, हे आम्हाला त्यांच्या आधी कळले. पूर्वी डोल वर घेतली की कोलंबी, बोंबील, मांदेली निघत. आता आधी पिशव्या निघतात. कधी कधी डोल इतकी जड येते की माणसे देवाचे नाव घेतात, आणि उघडून बघावे तर शांपूच्या बाटल्या. तो सगळा कचरा आमची माणसे रोज हाताने वेचून किनाऱ्यावर आणतात. रबरी मोजे घालत नाहीत. त्यांचा फोटो कोणी काढत नाही. आमचा एखादा बोया तुटून दर्यात जातो, तेही खरे आहे, आणि तो गेला की माझे यजमान दोन दिवस त्याच्या शोधात फिरतात. श्री. तेरेदेसाई कुंडीमागे शोधत फिरल्याचे मी पाहिलेले नाही.

त्यांनी येऊन "सगुणाबाई, दर्या साफ करायचा आहे, कसा करू?" असे विचारले असते, तर पाडाच्या पाडा त्यांच्यामागे उभा राहिला असता. त्यांना दर्या साफ करायचा नव्हता. किनारा फोटोत साफ दिसायला हवा होता, आणि किनाऱ्यावर आम्ही होतो.

८. यापुढे अर्जदाराने स्वतः केलेली कार्यवाही नमूद करते, म्हणजे ती आपल्याला दुसऱ्याकडून वाईट शब्दांत कळायला नको.

पहिली कार्यवाही : खाडीनाक्यावरच्या आम्ही सर्व कोळणींनी नीलतरंगच्या दोन्ही इमारतींना मासळी देणे बंद केले आहे. देवीसमोर शपथ घेतली आहे. ही कार्यवाही करताना श्रावण चालू आहे आणि तिथली निम्मी घरे तसाही श्रावण पाळतात, ही गोष्ट आमच्या ध्यानात उशिरा आली. तरी हरकत नाही. गणपती उठले की पहिल्या सुरमईच्या दिवशी त्यांना कळेल. श्री. तेरेदेसाई कोकणातले आहेत. मासळीवाचून त्यांना घास उतरत नाही, हे मला बारा वर्षांपासून माहीत आहे. मी वाट बघू शकते.

दुसरी कार्यवाही : पुनवेपासून शेजाऱ्यांच्या डोलींत जेवढ्या बाटल्या येतात, त्या मी मागून घेते आणि रोज सकाळी टोपलीत भरून, न धुता, श्री. तेरेदेसाई यांच्या दारात नेऊन ठेवते. शांपू, फिनेल, खोबरेलच्या निळ्या बाटल्या, विकत पाण्याच्या बाटल्या. त्यांना कोलंबीची साले आणि चिखल चिकटलेला असतो. जिन्यात वास राहतो, अशी तक्रार आहे. सोसायटीने मला नोटीस दिली आहे की हा कचरा उचलावा. मी नोटिशीच्या मागेच उत्तर लिहून दिले : "हा कचरा नव्हे. ही आपली वस्तू आहे, जी आमच्या जाळ्यात विसरून राहिली होती. परत हवी असल्यास ठेवून घ्यावी, नको असल्यास आमच्याकडे अनामत भरून ती समुद्रात न टाकण्याची हमी द्यावी." नियम त्यांचाच आहे. मी फक्त त्याची दिशा बदलली.

या टोपलीमुळे सौ. सुलक्षणाबाई तेरेदेसाई यांना त्रास झाला, त्याचे मात्र मला वाईट वाटते. अध्यक्षांच्या त्या पत्नी. चांगली बाई आहे. भाव करते, पण शेवटचा बोंबील फुकट मागत नाही. त्या मागच्या दाराने खाली आल्या आणि म्हणाल्या, "सगुणा, साहेब माझंही ऐकत नाहीत गं. मी काय करू?" आणि त्यांनी मला एक पिशवी दिली. पिशवीत त्यांच्या घरच्या तेलाच्या आठ-दहा बाटल्या होत्या, साबणाने धुतलेल्या, झाकणे लावलेल्या. "ह्या वापर तोवर," म्हणाल्या. साहेब, त्या बाटल्यांवर एक ओला टॉवेलसुद्धा तरंगणार नाही. मी त्या घेतल्या. नाही म्हणवले नाही.

९. सबब अर्जदाराच्या मागण्या पुढीलप्रमाणे आहेत :

(अ) आमचे सर्व बोये, दोरांसह, येत्या रविवारच्या आत प्लास्टिकासुराच्या अंगावरून उतरवून आमच्या दारात पोचते करावेत. ज्या ट्रकाने नेले त्याच ट्रकाने आणावेत. हिरव्या टोप्या घालूनच आणावेत, म्हणजे पाड्याला कळेल.

(आ) ते शक्य नसल्यास, बोये परत मिळेपर्यंत श्री. चंद्रप्रकाश तेरेदेसाई यांना बोया म्हणून आमच्या ताब्यात द्यावे. त्यांना लहूच्या खुंटावर डोलीच्या तोंडाशी बांधण्यात येईल. ते आतून पोकळ असल्याने तरंगतील याबद्दल अर्जदारास खात्री आहे. परंतु त्यांचे तोंड बंद होत नसल्याने पाणी शिरण्याचा धोका आहे, हे अर्जदार प्रामाणिकपणे मान्य करते. डांबराची व्यवस्था जमात करील.

(इ) बोया चारशे वर्षे कुजत नाही, हे त्यांचे म्हणणे मंजूर धरून, एक बोया त्यांच्या बागेत ठेवावा आणि तो कुजेपर्यंत त्यांनी त्याच्यासमोरून हलू नये, असा लेखी हुकूम काढावा. दोन्ही वेळचा डबा सुलक्षणाबाई पाठवतील. डब्यात मासळी असणार नाही.

(ई) मंडळाच्या प्रत्येक सभासदाने एक पुरा हंगाम आमच्या होडीवर येऊन डोलीतला कचरा हाताने वेचावा. ओकारी आल्यास ती बाहेर करावी, होडीत करू नये.

(उ) माझ्या सासूबाईंची माफी मागावी. पेपरात नको. घरी येऊन, खाली बसून.

यांपैकी (आ), (इ) व (ई) या मागण्यांत आपणांस अतिशयोक्ती वाटल्यास त्या आपण रद्द कराव्यात. मला त्या लिहून बरे वाटले. (अ) आणि (उ) रद्द करता येणार नाहीत.

१०. हे सर्व लिहून अर्ज घडी घालून ठेवला होता, इतक्यात काल संध्याकाळी संदर्भ क्र. ३ ची पत्रिका घरी आली. मंडळाचा माणूस हातात देऊन गेला. तीत लिहिले आहे की, रविवार दि. ११ सप्टेंबर रोजी सायंकाळी सहा वाजता, नीलतरंगच्या बागेत प्लास्टिकासुराचे दहन होईल. अध्यक्ष श्री. तेरेदेसाई. प्रमुख पाहुणे आपण. आणि दहन कोणाच्या हस्ते, तर "किनारा-सखी श्रीमती अंजनाबाई लहू तांडेल यांच्या हस्ते. त्यांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार."

म्हणजे जिने नवऱ्याचा खुंट चुकून हाताने दिला, तिच्याच हाताने आता तो जाळायचा. ज्या अमावास्येला आमची जागा जाणार, त्याच अमावास्येला. यात त्यांचा काही वाईट हेतू नाही, असे मला वाटते. त्यांना खरोखर काही माहीतच नाही. त्याचाच मला जास्त राग येतो.

प्लास्टिक उघड्यावर जाळले म्हणजे कसला धूर होतो, हे पर्यावरणवाल्यांना मी शिकवू नये. परंतु वारा सध्या दर्याकडून आहे, म्हणजे धूर सोसायटीच्या गॅलऱ्यांतच जाईल. शिवाय प्रत्येक बोयाचे तोंड डांबराने बंद आहे आणि आत हवा कोंडलेली आहे. असा बोया विस्तवावर फुटतो आणि लांब उडतो. पूर्वसूचना म्हणून हे लिहून ठेवते.

पत्रिका मी सासूबाईंना वाचून दाखवली. मला वाटले, त्या रडतील. त्यांनी ती पुन्हा वाचायला लावली. मग इतक्या दिवसांत प्रथमच त्यांनी भात मागून घेतला आणि ताट पुसून जेवल्या. जेवताना एवढेच विचारले, "पेटती मशाल माज्याच हातात देनार ना?" मी हो म्हटले. "आन् तो अध्यक्ष कुटं उभा र्‍हायल?" मी म्हटले, तुमच्या शेजारीच, फोटोसाठी. त्या म्हणाल्या, "मंग सांग त्यांना, मी येतंय."

आज सकाळपासून त्यांनी ठेवणीतले लुगडे काढून उन्हात टाकले आहे. पुढे काय, हे मी त्यांना विचारलेले नाही. मी सून आहे. सासूला उलटे प्रश्न विचारायची आमच्यात पद्धत नाही.

तरी, महोदय, बोये शनिवारपर्यंत घरी आले तर रविवारी सासूबाई होडीवर नारळ फोडायला जातील आणि त्यांना आपल्या कार्यक्रमास येता येणार नाही, त्याबद्दल त्यांच्या वतीने आधीच दिलगिरी व्यक्त करते. बोये न आल्यास त्या वेळेवर हजर राहतील. तशा वेळी आपली खुर्ची अध्यक्षांच्या खुर्चीपासून जरा लांब मांडून घ्यावी, ही विनंती. आपल्याशी आमचे काही वैर नाही.

आपली,
पद्धत आहे म्हणून नम्र,

(सही) सगुणा तुळशीदास तांडेल
चिंबोरपाडा कोळीवाडा, खाडीनाका,
अंधेरी (पश्चिम)

सोबत :
१) पेपरातील फोटोचे कात्रण (पाहून परत करावे).
२) सोसायटीची नोटीस, मागील बाजूस उत्तरासह.
३) आमच्या खुणेचा नमुना, तांबड्या व पांढऱ्या रंगात.
४) विकत पाण्याची बाटली एक, काशीरामच्या डोलीतून.

प्रत : मा. केंद्र अधिकारी, अग्निशमन केंद्र, यांना माहितीसाठी व तयारीसाठी.